न पोचवलेली चौकट

मावशीने माटोळीची चौकट नको म्हटलं, असं मी आईला सांगितलं. मावशीला मी विचारलंच नव्हतं.

लिहायला दोन वाक्यं लागली. कबूल करायला मात्र आई जाईपर्यंत थांबलो.

आमचं घर पेडण्याकडच्या एका गावात. माझी नोकरी डिचोलीला. वडील गेल्यावर वर्षभर आई त्या घरात एकटी राहिली आणि गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात मी तिला आपल्या फ्लॅटवर आणायचं ठरवलं. तिने विरोध केला नाही. फक्त म्हणाली, "गणपतीचां काय?" गावच्या देवळात जाऊन आम्ही कौल घेतला. पाकळी उजवीकडून पडली. भटजी म्हणाले, देव तुमच्याबरोबर यायला तयार आहे. देव तयार झाला म्हटल्यावर आईने पदर खोचला आणि घरातल्या वस्तू द्यायला काढल्या.

तिची देण्याची एक रीत होती. कुठलंही भांडं रिकामं जाऊ द्यायची नाही. न्हाणीतलं तांब्याचं मोठं भाण तिने भटजींच्या सुनेला दिलं, ती पोटुशी होती म्हणून. आत चार पायल्या तांदूळ आणि वर नारळ. मी ते उचलून न्यायचं, तर तांदळामुळे उचलवेना.

"आई, तांदूळ वेगळे पिशवीत घालूया की."

"रिकामां भांडां देऊ नये रे. भांड्याक कळता."

"भांड्याला काय कळतं?"

"ह्या घरात आपल्याक कोणी काय घालणार ना आता, तां कळता. उचल गप."

एकेक वस्तू द्यायला ती एकेक सकाळ घालवायची. कोणाला काय उपयोगी पडेल याचा विचार करायची, मग त्या घरी जायची, चहा प्यायची, परत यायची, आणि रात्री म्हणायची, "शोभली रे त्या घरात." जुन्या पितळी समया, अडकित्ता, नारळ खवायची आदोळी, पायाकडे डगमगणारं एक कदेल, जुनी लाकडी खुर्ची, तेसुद्धा. कदेल घ्यायला आलेल्या शेजाऱ्याने ते हलवून पाहिलं आणि विचारलं, "बाय, ह्याच्यार बसूक जाता?" आई म्हणाली, "तुझ्यासारख्या बारक्याक जाता. तुझ्या बायलेक बसूक दिऊ नको." त्याची बायको शेजारीच उभी होती. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

मला रजा थोडी होती आणि हे सगळं फार सावकाश चाललं होतं. मी चिडायचो. आज वाटतं, ती त्या दिवसांत सुखी होती. निदान तिच्यापुरतं ते काम ती नीट करत होती.

आता मावशीविषयी सांगायला हवं. ती आईची सख्खी बहीण नव्हे. आम्ही लहानसे भाटकार, म्हणजे जमीनमालक: थोडं माडांचं भाट, काजूचा एक उतार. त्या भाटात मातीचं घर बांधून राहणारं कुटुंब म्हणजे आमचे मुंडकार. मावशी त्या घरातली सून. आई आमच्या घरात लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच वर्षी ती आली. दोघींची बाळंतपणं मागेपुढे झाली. मला सांगितलेलं असं, की आई तापाने पडली तेव्हा मी मावशीचं दूध प्यायलो आहे. तिला मावशी म्हणायला आईनेच शिकवलं. वडिलांना ते फारसं आवडायचं नाही, पण स्वयंपाकघराच्या पलीकडे त्यांचं काही चालत नसे.

चवथीच्या आदल्या दिवशी मावशी आणि तिचा नवरा डोंगरावरून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या छताचं, सामान घेऊन यायचे. लाल कवंडळं, कांगलं, आंबाडे अशी रानफळं, रानटी पानांचे झुबके, कुमयाच्या सालीचे दोर. आमची चौकट जांभ्याच्या लाकडाची, आजोबांच्याही आधीची, वर्षभर माळ्यावर असायची. ती खाली काढून धुवायची, गणपतीच्या डोक्यावर टांगायची आणि तिच्या पट्ट्यापट्ट्यांना ते सगळं बांधायचं. मावशी आणि आई जमिनीवर बसून गुच्छ करायच्या, मावशीचा नवरा वर बांधायचा. आमचं पुरं झालं की ती दोघं अंधार पडता पडता घरी जायची आणि आपल्या गणपतीवर बांबूच्या चार काठ्या बांधून उरलंसुरलं लावायची. लाकडाची चौकट त्यांच्या घरात कधी नव्हती.

म्हणून आईचं ठरलं होतं. चौकट मावशीला.

"फ्लॅटच्या स्लॅबाक ती लागणार ना. तिच्याकडे लागांदी. चाळीस वर्षां तिणांच बांधल्यान, आता आपल्या देवार बांधांदी."

घरातल्या इतक्या वस्तू गेल्या, पण एवढ्या एकाच वस्तूविषयी ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. चौकट तिला स्वतःच्या हाताने द्यायची होती. ते जमलं नाही, कारण मे महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी तिला आधीच डिचोलीला आणलं. डोळ्यावर पट्टी असलेली आई खाटेवर बसून म्हणाली, "तू आयतवारी घर बंद करूक जातलंस मां? चौकट काढ आणि तिच्याकडे पोचव. रिकामी नेऊ नको. चार कोपऱ्यांक चार नारळ बांध." नारळ तिने स्वतः चाचपून निवडले होते. गावचेच, आपल्या माडाचे. मी ते गाडीत घालून पुन्हा गावी निघालो.

आणि इथे ती केस आली.

मुंडकारांना राहत्या घराखालची जमीन नावावर करून घेता येते, असा आमच्याकडे कायदा आहे. मावशीच्या नवऱ्याने मामलेदाराकडे अर्ज केला होता. वडिलांनी तो अपमान समजला आणि बोलणं टाकलं. आई आणि मावशी मात्र कुंपणावरून बोलत राहिल्या, जसं काही ती केस दोन परक्या गावांमधली होती. पुढे वडील गेले, मावशीचा नवराही गेला, पण केस जिवंत होती आणि आता ती माझ्या नावावर होती.

आमच्या वकिलांचं म्हणणं होतं की ही माणसं मुंडकार नव्हेतच, आमच्या घरी पगारावर कामाला असलेली माणसं. नोकराला तो कायदा लागत नाही. तसं लिहून दिलेल्या जबाबावर मी सही केली होती. जिचं दूध प्यायलो तिला मी कागदावर मोलकरीण केलं होतं, आणि ते आईला माहीत नव्हतं. घर बंद करायला जाण्याआधी मी वकिलांना सहज विचारलं, चवथीची चौकट दिली तर चालेल ना? ते हसले.

"पगारी बाईला कोणी आपल्या गणपतीची चौकट देतं? उद्या ती मामलेदारासमोर उभी राहून सांगेल, बघा, घरच्यांसारखं मानतात. तुमच्याच हाताने केस घालवायची असेल तर द्या."

मला पटलं. पटलं म्हणजे, मला हवं तेच त्यांनी सांगितलं. त्या दिवसांत गावात वातावरणही कडू होतं. कोकणी की मराठी या वादात मावशीचा थोरला कोकणीच्या बाजूला आणि आमचं घर मराठीच्या. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात तो मला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "भाटकारानु, आरती मराठीतून म्हणतास, आमकां गाळी मात्र कोकणीतून घालतास." लोक हसले होते. मीही हसलो होतो, पण ते मनात राहिलं होतं. वकिलांचा सल्ला ऐकताना मला तो थोरला दिसत होता, त्याची आई नव्हे.

त्या रविवारी मांद्र्याचा एक गेस्ट हाऊसवाला टेम्पो घेऊन आला. जुन्या घरांतली दारं, खिडक्या, कदेलं तो विकत घेत फिरायचा. आमच्याकडचं मोठं मेज आणि दोन दारं त्याने घेतली. टेम्पो भरत असताना त्याच्या माणसांनी माळ्यावरून चौकटही खाली काढली. त्याने विचारलं, "हिचं काय करताय?"

"न्या तशीच," मी म्हणालो.

विकलीसुद्धा नाही. फुकट दिली.

मावशीचं घर तिथून दिसत होतं. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. टेम्पो बघून ती उभी राहिली आणि तिने हात कपाळावर आडवा धरला. मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी डिचोलीला परतलो तेव्हा चारही नारळ माझ्या हातात होते. ते वाटेत कुठेतरी टाकून द्यावेत, किंवा देवळात ठेवावेत, एवढंही सुचलं नाही. आईने दार वाजलेलं ऐकून विचारलं, "दिलंस?" मी चपला काढत राहिलो. तिने हात पुढे केला. तिच्या हाताला नारळ लागला.

"हां काय?"

"नको म्हणाली," मी म्हणालो.

हे मी ठरवून आलो नव्हतो. चौकट वाळवीने खाल्ली होती, असं सांगायचं ठरवलं होतं. पण हातातले नारळ वाळवीने खाल्ले असं सांगता येत नव्हतं, आणि तोंडाला जे पहिलं आलं ते हे.

आईने चारही नारळ एकेक करून मांडीवर घेतले. पट्टीमुळे तिचा चेहरा अर्धा झाकलेला होता. ती म्हणाली, "नाका म्हटल्यान?"

"हो."

"चवथीची वस्तू नाका म्हणून सांगल्यान?"

आमच्याकडे चवथीची वस्तू कोणी नाकारत नाही. नाकारली तर ती वस्तू नाकारलेली नसते, माणूस नाकारलेलं असतं. हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "केस चाललीय ना. त्यांच्या मनात असेल काहीतरी."

ते नारळ वाटून माझ्या बायकोने दुसऱ्या दिवशी जेवणाला हुमण केलं. आई जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

मला वाटलं, विसरेल. चार दिवस लागतील, महिना लागेल. पण ती विसरली नाही. ती विचारत राहिली. कधी पोळी भाजताना, कधी मी बूट घालत असताना.

"तिणां कसां म्हटल्यान? रागान?"

"रागाने नाही."

"मग हासान?"

"नाही गं. साधंच."

"तू बसलंलंस की उभोच?"

"उभा होतो."

"बस म्हटल्यान ना तुका?"

"नाही."

अशी मी एकेक गोष्ट जोडत गेलो. मावशी उंबऱ्यात उभी होती. आत बोलावलं नाही. थोरला मागे होता. पाणी विचारलं नाही. आई विचारायची म्हणून मला सांगावं लागायचं, आणि सांगितलेलं पुढच्या वेळी बदलून चालायचं नाही. काही वर्षांनी तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर इतका स्पष्ट झाला की मावशीचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं तेही मला आठवू लागलं.

पहिल्या चवथीला मावशीने माटोळीचं सामान पाठवलं. मुळगावच्या खाणीवर कामाला येणारा आमच्या गावचा एकजण ते फडक्यात बांधून घेऊन आला. "तुमच्या मावशीन दिल्यान," म्हणाला. फडक्यात कवंडळं होती, कांगलं होती, कुमयाचे दोर नीट वेटाळून ठेवलेले होते. मी गणपतीवर पडद्याची दांडी आडवी बांधून माटोळी करायच्या प्रयत्नात होतो. आई आली, तिने फडकं उघडून पाहिलं, पुन्हा गाठ मारली.

"हां बांधू नको."

"का?"

"चौकट नाका आणि फळां धाडता? माका भीक घालता?"

फडकं तिने खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला दिलं. ते बेळगावकडचे, बांधकामावर कामाला आलेले. त्यांना त्या फळांचं काय करायचं ते कळेना. त्यांच्या पोरांनी कवंडळांचा चेंडू केला. चवथीच्या दिवशी वर आरती चालू होती आणि खाली जिन्यात ती लाल फळं फुटत होती.

दुसऱ्या वर्षी सामान पुन्हा आलं. तिसऱ्याही. आई ते तसंच बांधून त्या माणसाबरोबर परत पाठवायची. मग एका वर्षी आलं नाही, आणि त्या चवथीला आई दिवसभर दाराकडे बघत होती. आलं असतं तरी तिने बांधलं नसतं. तरी बघत होती.

एकदाच त्या दोघी समोरासमोर आल्या. गावच्या जत्रेला मी आईला घेऊन गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवर मावशी भेटली. बारीक झाली होती. तिने आईचा हात धरायला हात पुढे केला.

"बाय, बरी आसस?"

"आसंय," आई म्हणाली, हात ओढून घेतला आणि माझा दंड धरून पुढे गेली. मी नारळाचं ताट घेऊन चालत होतो. त्या क्षणी थांबून एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. दोघीही तिथेच होत्या, दोघींनाही ऐकू येत होतं. मी म्हणालो, "आई, पायरी सांभाळ."

केसचा निकाल त्यानंतर लागला. जमीन मावशीच्या कुटुंबाच्या नावावर झाली. आमच्या जबाबातलं एक अक्षर मामलेदाराने मानलं नाही. चवथीचं, चौकटीचं तर नावही निघालं नाही. बाहेर आल्यावर मी वकिलांना म्हणालो, तुम्ही सांगितलं म्हणून ती चौकट दिली नाही. ते म्हणाले, "कुठली चौकट?" त्यांना खरंच आठवत नव्हतं.

चौकट मी नंतर एकदा पाहिली. ऑफिसातल्या लोकांबरोबर मांद्र्याला गेलो होतो, जेवायला ज्या ठिकाणी बसलो तिथेच ती होती. बारच्या वर टांगलेली, पट्ट्यांना उलटे ग्लास अडकवलेले. मालकाने मला ओळखलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या जोडप्याला तो सांगत होता की ही जुन्या पोर्तुगीज जहाजावरची आहे. मागून घेऊन मावशीकडे न्यावी असं मनात आलं, पण नेऊन काय सांगणार? आणि ग्लासांसाठी तिला जागोजाग भोकं पाडली होती. मी मासे खाल्ले, माझ्या वाट्याचं बिल दिलं आणि उठलो.

आई गेली तेव्हा तिच्या मनात मावशी तशीच उंबऱ्यात उभी होती, पाणी न विचारणारी. शेवटच्या आजारात मला संधी नव्हती असं नाही. कितीतरी दुपारी आम्ही दोघंच असायचो. पण मला वाटायचं, आता सांगितलं तर तिला दोन दुःखं होतील, मैत्रीण उगाच गमावल्याचं आणि मुलगा असा निघाल्याचं. हे मी तिच्यासाठी म्हणत होतो. खरं म्हणजे दुसऱ्या दुःखाची मला भीती होती.

दहाव्याला मावशी दोन बस बदलून डिचोलीला आली. आत आली नाही, दारातल्या चपलांपाशी बसली. माणसं पांगल्यावर मला म्हणाली, "बाबू, बायेन माझ्यार राग कित्याक धरल्यान, तां तुका ठावक आसा?"

"शेवटी शेवटी तिला काही समजत नव्हतं गं," मी म्हणालो. हे आणखी एक खोटं. आईला शेवटपर्यंत सगळं समजत होतं.

त्यानंतर मात्र झोप लागेना. दिवाळी झाली, काजूला मोहर आला, आणि एका सकाळी मी ऑफिसला न जाता गावची बस पकडली. मावशी घराच्या मागच्या पडवीत नारळाच्या झावळ्या विणत बसली होती. घर आता चिऱ्याचं झालं होतं. मला बघून तिने झावळी बाजूला सारली.

"वाट चुकलंस काय रे? बस. चाय ठेवतंय."

"नको मावशी. आधी ऐक."

मी सगळं सांगितलं. आईने चौकट तिलाच द्यायला सांगितली होती, चार नारळ बांधून. मी तिला विचारलंच नाही. टेम्पोत घालून दिली. आईला सांगितलं की तू नको म्हणालीस. तुझी फळं आईने बांधली नाहीत ती त्यासाठी. जबाबात मी तुला काय लिहिलं तेही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ती ओरडेल, थोरल्याला हाक मारेल. तसं झालं तर बरं, असंही वाटत होतं.

ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "मरेपर्यंत तिका तसांच दिसत होतां?"

"हो."

"मी नाका म्हटलां म्हणून?"

"हो."

ती मागच्या भाटाकडे बघू लागली. "माका दिसलां, फ्लॅटात गेली, आता आमची फळां तिका हलकी दिसतत," ती म्हणाली. "मी तिका किती गाळी घातलंय रे मनात. जत्रेक हात ओढून घेतल्यान तेव्हा घरा येऊन घातलंय. ती मेली त्या दिसासुद्धा घातलंय."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"ह्यां माका सांगून आता काय रे बाबू? तिका सांगूक जाय होतां."

"हो मावशी."

"मी तिका आता काय सांगू?"

तिने झावळी पुन्हा ओढून घेतली, पण विणायला घेतली नाही, नुसती मांडीवर धरून बसली. बसायची परवानगी असल्यासारखं वाटेना, म्हणून मी उभाच राहिलो. बसमध्ये बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य उरलं नव्हतं. शेवटी मी खाली वाकलो, तिच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. आईपाशी चुकलं आणि तुझ्यापाशीही. मला माफ कर."